दुरुस्तीनंतर हरकत नाही

मी बाइंडर. तीस वर्षं सरसाच्या वासात काढली. सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला गोंद. त्याचा डबा उघडला की नवखा माणूस तोंडाला हात लावून मोरीकडे पळतो. मला कधी काही झालं नाही. त्या डब्याशेजारी बसून मी डबा खाल्लाय, आणि चवीनं खाल्लाय. तेव्हा मला शिसारी आली असं मी म्हणते, ती काही नाजूक नाकाच्या बाईची शिसारी नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

आमच्या छापखान्यात वेलांटी मास्तर होते. काम मुद्रितशोधकाचं. म्हणजे छापायच्या आधी जी कच्ची प्रत निघते, जिला आम्ही प्रूफ म्हणतो, ती वाचून चुका काढायच्या. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण वेलांटी पहिली की दुसरी यावरून हा माणूस हातातला घास ठेवून भांडायचा, म्हणून मास्तर, आणि म्हणून वेलांटी. जिन्याखाली त्यांचं टेबल. खिडकी नाही. वायरला लोंबणारा एक दिवा, एक लाकडी पट्टी, आणि दोऱ्यानं शर्टाच्या बटणाला बांधलेलं लाल पेन. पट्टी ओळीखाली धरायची, ओळ ओठातल्या ओठात वाचायची, पट्टी खाली सरकवायची. एकतीस वर्षं. त्या माणसानं किती ओळी वाचल्या असतील देव जाणे. आमच्या संडासाच्या दारावर 'कृपया पाणि टाका' असं कुणीतरी लिहिलं होतं, तर आत जायच्या आधी बाहेर उभं राहून यांनी 'णि'ची 'णी' केली. घाईची वेळ असतानासुद्धा.

आणि वाचून झालं की खाली एक वाक्य. 'दुरुस्तीनंतर हरकत नाही.' त्याखाली बारीक सही. ही आमच्या धंद्यातली रीत आहे. दाखवलेल्या चुका सुधारा, मग छापायला माझी ना नाही, असा त्याचा अर्थ. या वाक्याशिवाय मशीन चालू व्हायचं नाही. पण मास्तरांचा हात इतका बसला होता की कुठलाही कागद समोर आला की लाल पेन चालायचं आणि खाली ते वाक्य यायचं. एकदा किराणावाल्याच्या यादीत 'साबुन'चं 'साबण' करून खाली 'दुरुस्तीनंतर हरकत नाही' लिहिलं. किराणावाला महिनाभर हसत होता. मास्तरांची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, ती मात्र हसत नाही. दोघं भावंडं एकत्र राहतात, लग्न दोघांनीही केलं नाही. ताई म्हणायची, "याच्या तिरडीवर कुणी चुकीचं लिहिलं ना, तर हा उठून बसेल."

मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचं जे काही वाचता-लिहिता येतं ते मास्तरांमुळे. जेवणाच्या सुट्टीत वाया गेलेली प्रूफं पुढ्यात टाकायचे, म्हणायचे, "बाई, वाचा मोठ्यानं." अडखळले तर ओरडायचे नाहीत. फक्त पट्टी त्या शब्दाखाली आणून थांबायचे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्याविषयी जे ऐकाल ते ऐकताना हे आठवलं पाहिजे.

थोरले मालक होते तोवर सगळं ठीक होतं. माणूस कडक, पण शब्दाचा पक्का. मास्तरांना कामावर घेताना त्यांनी करारात नववं कलम घातलं: बारीक अक्षराचं काम आहे, वीस वर्षांच्या नोकरीनंतर मुद्रितशोधकाची दृष्टी अधू झाली तर उपचाराचा सगळा खर्च छापखाना करील आणि हयातभर अर्धा पगार देईल. खाली एक छोटी ओळ होती: हलगर्जीपणाबद्दल किंवा स्वखुशीनं नोकरी सुटल्यास हे लागू नाही. थोरले मालक गेले, धाकटे आले. धाकट्यांना प्रूफाला हात लावल्यावर कागदी रुमालानं बोटं पुसायची सवय. एकेक बोट वेगळं. आमच्या कामाची त्यांना किळस, आणि त्या कामावर घेतलेल्या गाडीची मात्र नाही!

तर झालं असं. वर्षाची तपासणी करायला डॉक्टर आले, सगळ्यांचे डोळे बघितले आणि कागद ऑफिसात देऊन गेले. मास्तरांना काचबिंदू सुरू झाला होता. हा आजार चोरपावलांनी येतो. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत औषध-ऑपरेशन झालं तर उरलेली वाचते. हे सगळं आम्हाला पुढे कोर्टात कळलं. तेव्हा तो कागद धाकट्यांच्या खणात गेला आणि खण बंद झाला. मास्तरांना कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. एका माणसाचे डोळे जातायत हे माहीत असून रोज सकाळी त्याचा नमस्कार घ्यायचा! शी!

अकराव्या दिवशी निमित्त मिळालं. गावातल्या एका पुढाऱ्याचा गौरवग्रंथ आम्ही छापला होता. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. समारंभात तो उघडला तर पहिल्याच पानावर 'थोर समाजसेवक'च्या जागी 'घोर समाजसेवक'. सभागृह हसलं. आमचा मशीनवाला म्हणाला, "नशीब, 'चोर' नाही झालं. तसं झालं असतं तर ती चूक म्हणता आली नसती." पुढारी पेटला, आणि धाकट्यांनी मास्तरांच्या हातात पत्र ठेवलं. हलगर्जीपणा केल्यामुळे आजपासून नोकरी समाप्त.

आता ऐका या माणसानं काय केलं. पत्र घेऊन जिन्याखाली गेले. दिवा लावला. पट्टी धरली. पत्रात पाच चुका होत्या. 'हलगर्जिपणा', 'प्रतीष्ठा', 'त्वरीत', आणखी दोन कुठल्या तरी. पाचही लाल पेनानं सुधारल्या. आणि खाली लिहिलं: 'दुरुस्तीनंतर हरकत नाही.' बारीक सही. वर जाऊन पत्र धाकट्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "असं अशुद्ध पत्र छापखान्याच्या नावानं बाहेर जाऊ नये." मग पेनाचा दोरा बटणापासून सोडला, पेन ठेवलं आणि घरी गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकट्यांनी ते पत्र तिजोरीत ठेवलं. मास्तर कामगार कोर्टात गेले तेव्हा छापखान्याच्या वकिलानं ते पत्र फडकावलं. कामगारानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय साहेब, हरकत नाही! आता कसली तक्रार? हलगर्जीपणा सिद्ध झाला तरी कलम नऊ गेलं, आणि नाही झाला तरी माणूस स्वखुशीनं गेला म्हणून गेलंच. इकडे आड, तिकडे विहीर. ताईनं त्या रात्री भावाला म्हणे विचारलं, "कामावरून काढल्याच्या कागदाचं शुद्धलेखन तपासणारा माणूस जगात एकच असेल, तो पोटच्या पोरासारखा वाढवायला मला का मिळाला?" मास्तर म्हणाले, "पण 'त्वरित' ऱ्हस्वच असतं, ताई."

आता माझं सांगते. 

'घोर' ही चूक मास्तरांनी पकडली होती. मला माहीत होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाची पट्टी चिकटवावी लागते, नाहीतर पानं सुटतात. त्यासाठी चांगला कागद कोण वापरतो? जुनी प्रूफं फाडून लावायची, ही आमची पद्धत. गौरवग्रंथाची नमुना प्रत बांधताना मी त्याच ग्रंथाच्या पहिल्या पानाचं प्रूफ घेतलं. त्याच्यावर 'घ'ला लाल गोल होता, समासात 'थ' काढला होता, आणि खाली ते वाक्य, सही, तारीख. मी मनात म्हटलं, बघा, मास्तरांच्या हातून सुटलं असतं तर काय घोटाळा झाला असता! आणि फाडून खळ लावून चिकटवून टाकलं. पुढे समजलं की धाकट्यांनी घाई केली, दुरुस्त्या न करताच मशीन चालू करायला लावलं. एक दिवस वाचवायला. म्हणजे चूक कुणाची? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

बांधणीचा नमुना बाइंडरकडेच राहतो. ती प्रत माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती. मास्तरांना काढलं त्या दिवशी मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटे आमच्या खोलीत आले. मला म्हणाले, "बाई, आता तुम्हीच इथल्या जुन्या. उद्यापासून विभाग तुम्ही सांभाळा." आणि माझ्यासाठी खुर्ची आली. पाठ असलेली, गादीची. तीस वर्षं मी लाकडी स्टुलावर बसत होते, कमरेचा भुगा झाला होता. त्या खुर्चीत बसले, पाठ टेकली, आणि काय सांगू, डोळे मिटले. इतकं बरं वाटलं. पेन्शनला चार वर्षं होती. मूग गिळले. त्यांना तर माहीतही नव्हतं की मला काही माहीत आहे. मी कवडीमोलानं गेले असंही म्हणता यायचं नाही, कारण मला कुणी विकत घ्यायला आलंच नव्हतं. मी आपली आपणच गेले.

मास्तरांना मधेमधे भेटायला जायची. सोबत बिस्किटं न्यायची. अहो, बिस्किटं! ताई चहा करायची, मास्तर विचारायचे, "बाई, प्रूफं कोण बघतं हल्ली?" मी सांगायची, कॉम्प्युटर बघतो. ते म्हणायचे, "त्याला अर्थ कळतो का?" कोर्टात तो तपासणीचा कागद निघाला तेव्हापासून डोळ्यांसाठी थेंब आणायचे, तेही दिवसाआड घालायचे, पुरवून पुरवून. ऑपरेशन दोन वेळा पुढे ढकललं. वकील म्हणत होता, निकाल लागला की कलम नऊमधून होईल. तारखा पडत होत्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा त्यांच्या वकिलाचं पोट बिघडलेलं, एकदा नुसतंच 'पुढची तारीख'. मास्तर कप उचलताना आधी बोटांनी टेबल चाचपतात हे मी बघितलं, आणि त्या दिवशी घरी येऊन खुर्चीसारखं मऊ काही टोचू शकतं हे मला समजलं. तरी दुसऱ्या दिवशी जाऊन बसलेच.

दोन वर्षं दोन महिने.

मग मला साक्षीला बोलावलं. छापखान्याच्या बाजूनं! वकिलानं आपल्या खोलीत बसवून पढवलं. तोंडात सतत खोकल्याची गोळी. बोलायचं असलं की अर्धी चोखलेली गोळी काढून कागदात ठेवायची, बोलून झालं की पुन्हा तीच तोंडात. "बाई, तुम्ही फार काही बोलायचं नाही. फक्त एवढंच, की शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, चुका सुटायच्या. खरंच आहे ना? दिसत नव्हतंच ना?" आणि गोळी आत. माझ्या सरसाच्या डब्याची शपथ, त्या खोलीत मला पहिल्यांदा आयुष्यात ओकारी आली. मी 'बरं' म्हटलं. म्हटलंच की! 'बरं' म्हणाले आणि मग ओकारी आली, या क्रमानं.

तारखेच्या दिवशी पिशवीत ती नमुना प्रत होती. का घेतली होती, विचारू नका. ठरवलं काहीच नव्हतं. कोर्टाच्या बाकावर मास्तर आणि ताई बसलेले. मी दबकत पलीकडून जात होते, पण माझ्या चपलेचा आवाज त्यांना ठाऊक. "बाई का?" म्हणाले, आणि हातातला छापखान्याच्या जबाबाचा कागद माझ्या दिशेनं, थोडा चुकीच्या दिशेनं, पुढे केला. "जरा बघा हो, यात 'हलगर्जी' कसं लिहिलंय. मला ओळ लागत नाहीये."

मी वाचलं. दीर्घ होतं. बरोबर होतं. सांगितलं तसं.

"चला," ते म्हणाले, "एवढं तरी सुधारलं त्यांनी."

माझं नाव पुकारलं. शपथ घेतली. गोळीवाल्या वकिलानं विचारलं, "शेवटच्या काळात त्यांच्या हातून चुका सुटायच्या ना?" मी म्हटलं, "साहेब, मला थोडं पाणी आणि फडकं मिळेल का?" त्याला वाटलं घसा कोरडा पडला. मी पिशवीतून ग्रंथ काढला, पाठ ओली केली, आणि आमची हाडाची चपटी पट्टी असते, ती आत घातली. आख्खं कोर्ट बघत होतं. खळ भिजायला वेळ लागतो. न्यायाधीश म्हणाले, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "दोन मिनिटं, साहेब. घाई केली तर फाटेल." हळूहळू कागदाची पट्टी सुटली. उलटी केली. शाई फुटली होती, पण लाल गोल होता, 'थ' होता. आणि खाली: दुरुस्तीनंतर हरकत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "चूक मास्तरांनी पकडली होती, यांनी सुधारली नाही. आणि हे वाक्य तर ते किराणा मालाच्या यादीवरसुद्धा लिहितात. ती त्यांची परवानगी नाही, सवय आहे." मागून ताई मोठ्यानं म्हणाली, "यादी आहे माझ्याकडे!" शिपायानं तिला गप्प केलं.

न्यायाधीशांनी ती पट्टी उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग मला विचारलं, "हे तुम्ही आजवर का सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, "लक्षात नव्हतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर खुर्ची गेलेली. स्टूल ठेवलेलं. दोन वर्षांत त्याचा एक पाय हलायला लागला होता. धाकटे दारात उभे राहून बोटं पुसत होते. साक्षीदाराला लगेच काढता येत नाही, वकिलानं सांगितलं असणार.

चार महिन्यांनी निकाल लागला. मास्तर जिंकले. नोकरीवरून काढणं बेकायदा, उपचाराचा खर्च द्या, अर्धा पगार द्या, मागचा सगळा द्या. त्याच आठवड्यात ताई त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. ताई मला फाटकापाशीच म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला. ये आत. निकालपत्र आलंय, त्याला वाचून हवंय. मला त्यातलं काही कळत नाही."

मास्तर टेबलाशी बसले होते. लाकडी पट्टी समोर. उपयोग नाही, पण होती. ताईनं माझ्यापुढे चहा ठेवला. मी निकालपत्र पट्टीखाली धरून वाचायला लागले. ते मधेच थांबवायचे, "'निर्णीत' कसं लिहिलंय?" ऱ्हस्व. "चूक. 'णी' दीर्घ. करा खूण." मी लाल पेनानं खूण करायची. चेहरा खुलला होता हो त्यांचा. कितीतरी दिवसांनी प्रूफ मिळालं होतं. सहाव्या पानावर मी आले. तिथं लिहिलं होतं: 'सदर बाब साक्षीदाराच्या उशिरा लक्षात आली.'

मी थांबले.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"इथं चूक आहे."

"ऱ्हस्व-दीर्घ?"

"नाही. मजकुराची."

त्यांनी चाचपत पट्टी माझ्या हाताखाली आणून ठेवली, जशी पूर्वी मी अडखळले की ठेवायचे. आणि थांबले. ओरडले नाहीत. ताई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

"'उशिरा लक्षात आली' हे खोडायला हवं," मी म्हटलं. "तिथं 'पहिल्या दिवसापासून लक्षात होती' असं हवं. ती प्रत माझ्या फळीवर होती, मास्तर. मी रोज बघत होते. खुर्चीत बसून."

 मग त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. त्यांनी कागद बोटांनी चाचपला, ओळ सापडते का बघितली. सापडली नाही. पेन परत माझ्याकडे केलं.

"तुम्हीच करा दुरुस्ती," ते म्हणाले.

मी केली. खोडलं, समासात नीट अक्षरात लिहिलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. आणि हात सवयीनं पानाच्या तळाशी गेला. माझाच हात. विचारलं, "खाली नेहमीचं लिहू?"

"नको," मास्तर म्हणाले. "हरकत आहे."

ताईनं माझ्यासमोरचा चहा उचलला. मी पिशवी घेतली आणि बाहेर पडले.